आर्विडच्या नावाची पाटी

पाटी रस्त्याकडेच्या चरात पालथी पडली होती. बीटने भरलेल्या ट्रकने खांब पार आडवा केला होता. लोवेलने इकडेतिकडे पाहिलं, पाटी उचलली आणि रस्तेखात्याच्या गाडीत, रस्त्यावर मांडायच्या नारिंगी शंकूंखाली दडपून टाकली. साहेबांना कळवायचं त्याने मुद्दाम टाळलं.

पाटीवर आर्विडचं नाव होतं. कामावर असताना जो मेला त्याचं नाव जवळच्या पुलाला द्यायचं, ही राज्याच्या रस्तेखात्याची जुनी रीत. आर्विड इथेच खड्डे बुजवताना मोटारीखाली सापडला. मार्लिस त्याची बायको. पुढे तिने लोवेलशी लग्न केलं, त्यालाही नऊ वर्षं झाली. आणि ही नऊ वर्षं ती पाटी पुसायचं, तिच्याभोवतीचं गवत कापायचं काम लोवेलच्याच वाट्याला आलं होतं. मेलेल्या माणसावर काय जळायचं, असं तो स्वतःला बजावायचा. तरी जळफळाट व्हायचा तो व्हायचाच.

दर शुक्रवारी मार्लिस डोरिसकडे, तिच्या बहिणीकडे जायची. पुलावरून जेमतेम वीस मिनिटांची वाट. ती निघाली की डोरिस फोन करून सांगायची, आणि त्यानंतर मार्लिसला घरी पोचायला चांगला तासभर लागायचा. पुलापाशी गाडी थांबवून ती त्या नावाकडे बघत बसत असणार, याबद्दल लोवेलला तीळभर शंका नव्हती. विचारायची हिंमत मात्र झाली नाही.

त्या शुक्रवारी डोरिसचा फोन आला आणि विसाव्या मिनिटाला मार्लिस दारात हजर.

"आज बरी लवकर आलीस!" लोवेल कुजकटपणे म्हणाला. "पुलापाशी थांबण्यासारखं काही उरलं नाही वाटतं?"

"थांबण्यासारखं?" मार्लिसने हातातलं भांडं टेबलावर ठेवलं. "अरे, मी त्या पुलावरून येतच नाही. जुन्या खडीच्या रस्त्याने वळसा घालते. डोरिस म्हणाली पाटी पडलीय, म्हणून आज आले तिकडून."

"इतका जीव होता त्याच्यावर? नुसतं नावसुद्धा बघवत नाही?"

मार्लिसने खुंटीवरच्या त्याच्या नारिंगी जाकिटाकडे पाहिलं.

"त्याला मी कधीच रडून मोकळी झाले, वेड्या. पण आपलं लग्न झाल्यावर पहिल्याच शुक्रवारी त्या पुलावर गेले, आणि पाटीवर त्याच्या नावाच्या जागी मला तुझंच नाव दिसलं."