न फोडलेला संच

जुन्या काउबॉयपटांच्या संगीताच्या तबकड्यांचा प्रत्येक संच आमचे हे दोनदा विकत घेतात. एक ऐकायला, दुसरा सील न फोडता मिरवायला. नवा सीलबंद संच त्यांनी थेट माझ्या प्रार्थनेच्या खोलीत आणून ठेवला, आणि तेव्हापासून रोज पहाटे माझ्या मौनात यांची शीळ सुरू.

आज माझा संयम संपला. मौन मोडून मी म्हणाले, "माझा एवढा एक तासही बघवत नाही का तुम्हाला?"

"मी काय केलं आता?" हे गालाला दाढीचा फेस लावून दारात उभे.

शीळ चालूच होती. त्या सीलबंद संचाच्या खोक्यातून.

मी वेष्टन टराटरा फाडलं.

"अगं, वाटोळं केलंस," हे कळवळले.

आत तबकड्या नीट होत्या. शीळ थांबली. मग माझ्या कानाला लागून कुणीतरी पुढच्या सुरासाठी श्वास ओढून घेतला.