बिस्किटाची कात

"आई, ओढू नकोस! नवी कातडी निघेल बरोबर!" स्पीकरवरून श्रेयस ओरडला, तिकडे ब्रिस्बेनहून. इकडे दोह्यात, मदिनत खलीफातल्या घरात सुहासिनी बाथरूममध्ये स्टुलावर बसली होती. मांडीवर ओला टॉवेल आणि टॉवेलात तीन फुटी अजगर. तिचा नवरा सदानंद दाराबाहेर उभा होता. आत पाऊल टाकायची काही त्याची छाती होत नव्हती.

अजगराचं नाव बिस्किट. देश सोडून चाललेल्या शेजाऱ्यांकडून श्रेयसनं बारावीत असताना तो घेतला आणि वर्षभरात स्वतःच शिकायला निघून गेला. "दिवाळीपर्यंत सांभाळा फक्त," म्हणाला होता. त्याला दोन दिवाळ्या झाल्या. पोराचा फोन यायचा शुक्रवारी. "हाय, फाइन, ओके, बाय." सदानंदनं एकदा घड्याळ लावून पाहिलं. चाळीस सेकंद.

शेवटी सुहासिनीनं निक्षून सांगितलं, "एक तर या घरात हे लांबडं राहील, नाहीतर मी!" सदानंदनं सूकमधला, म्हणजे इथल्या बाजारातला, पाळीव प्राण्यांचा एक दुकानदार गाठला. तो मल्याळी गृहस्थ घरी आला, बघितलं आणि मान हलवली. "पुराना चमडी अटक गया, साब. आँख पे भी है. पूरा निकालके दो, फिर मैं ले जाएगा. खलास." एसीच्या कोरड्या हवेनं कात वाळून अंगालाच चिकटली होती. सगळीकडे पापुद्रे आणि डोळ्यांवर पांढरा पडदा.

म्हणून श्रेयसला विचारलं, तर काय आश्चर्य! अर्ध्या तासात त्याचाच उलटा फोन. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्याही. आधी इंग्रजीत, मग आईचा गोंधळ उडतो म्हणून मराठीत. "कोमट पाणी घे. आई, नुसता निळा नळ नको गं! ऑगस्ट आहे ना? गच्चीवरच्या टाकीचं पाणी भाजेल त्याला. गीझर बंद ठेव आणि त्यात साठलेलं लाल नळाचं गार पाणी मिसळ." दोह्यातल्या उन्हाळ्यात गार पाणी लाल नळाला येतं हे पोराच्या अजून लक्षात आहे, याचंच सुहासिनीला केवढं कौतुक.

टॉवेल भिजत पडे आणि गप्पा निघत. खिचडी करपली. रूममेट सोडून गेला. रविवारी कुणाशी बोलायलाच मिळत नाही. एकदा आवाज बारीक करून म्हणाला, "एका विषयात नापास झालोय. बाबांना सांगू नकोस." बाबा दाराबाहेरच होते. त्यांनी ते ऐकलं आणि पाणी प्यायला निघून गेले.

"माझं काही विचारत होता?" रात्री जेवताना सदानंद विचारी.

"विचारतो की," सुहासिनी म्हणे आणि भात वाढे. ती खोटं बोलत्येय हे त्याला कळे, आणि वाईट वाटे.

खोटं त्याला लगेच कळे. गॅसच्या प्लांटवर पंचवीस वर्षं तो वेल्डिंगचे जोड तपासत आला होता. स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय सही करायची नाही, मग मागे मोठा साहेब का उभा असेना. घरीही रोज विचारायचा, "आज किती टक्के निघाली?"

नागपंचमीला मात्र सुहासिनीनं हात वर केले. "आज चिरायचं नाही, कापायचं नाही, तवासुद्धा ठेवायचा नाही. आणि मी जनावराची कातडी सोलत बसू? पाप लागेल!" श्रेयस फोनवर हसत सुटला. "बरं, मग ओल्या टॉवेलात ठेव नुसतं." तिनं तसंच केलं. काचेच्या पेटीला बाहेरूनच हळदकुंकू लावलं आणि पुरणाची दिंडं उकडली.

त्याला दोन आठवडे झाले. पेटीवर ओली चादर आणि रोजचं उत्तर एकच, "शेपटीकडे आहे अजून, डोळ्यांवरही आहे." शुक्रवारी सकाळी दुकानदाराचा फोन आला. गिऱ्हाईक तयार होतं.

सदानंदनं मन घट्ट केलं. सुहासिनी स्वयंपाकघरात होती. त्यानं चादर उचलली, टॉर्च लावला आणि गुडघे टेकून डोक्यापासून शेपटीपर्यंत पाहिलं. बिस्किट नवंकोरं, तुकतुकीत होतं. डोळे काळेभोर. एक पापुद्रा सापडेल तर शपथ. पेटीमागे वर्तमानपत्राची घडी होती. तारीख नागपंचमीची. आत उरलेली सगळी कात, डोळ्यांवरच्या दोन टिकल्यांसकट.

तेवढ्यात फोन वाजला. "नाही रे राजा," सुहासिनी बोलत बाहेर आली, "शेपटीकडे आहे अजून थोडी." तिनं नवऱ्याच्या हातातली कात पाहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला, पण फोन काही तिनं खाली ठेवला नाही.

"इतके दिवस कशी राहील, आई?" स्पीकरवर श्रेयस म्हणाला. "तुला दिसत नसेल. बाबांना दे. ते बरोबर सांगतील."

दोन वर्षांत पहिल्यांदा पोरानं त्याला मागितलं होतं. सदानंदनं एका हातात फोन घेतला. दुसऱ्या हातात कात होती.

"बाबा, तुम्ही स्वतः बघितलंत? निघाली का सगळी?"

"टॉर्च लावून बघितलं," तो म्हणाला. "बरीच आहे रे अजून. उद्या फोन कर, मी सांगतो."