कबरखोद्याची मुलगी

"कबरखोद्याची मुलगी सून म्हणून माझ्या घरात येणार नाही," वेस्टल क्रम्पने आपल्या मुलाला, टॅल्मेजला, सांगितलं. त्याने ते जसंच्या तसं रोवीनाला सांगितलं आणि रोवीनाने रात्रीच्या जेवणाला आईबापाला.

तिचा बाप हार्लन टिबेट्स मक्याची भाकरी ताकात बुडवून खात होता. तो खात राहिला.

हार्लन कबरी खोदत नव्हता. तो शनिवारच्या कुस्त्यांत लढायचा. काही वर्षांपूर्वी गावाबाहेरच्या उघड्या थिएटरात एक भुताचा सिनेमा लागला होता. त्यात प्रेतं उकरणारा एक कबरखोद्या होता. कुस्त्यांचा मालक गॅडिस तो सिनेमा दोनदा बघून आला आणि त्याने हार्लनच्या हाती उंच काळी टोपी, लांब कोट आणि एक फावडं दिलं. तेव्हापासून टेनेसीच्या त्या भागात हार्लनला त्याच्या नावाने कुणी हाक मारली नाही.

तोही भूमिका सोडत नसे. दुकानात कुणाकडे बघून हसायचं नाही, कुणाला सही द्यायची नाही. बायका त्याला बघून पोरांना जवळ ओढून घेत. एकदा कुणीतरी त्याच्या गाडीची चाकं फाडली. हार्लनने मुकाट्याने नवी बसवली.

त्या हिवाळ्यात कबरखोद्याने भर आखाड्यात मार्शलचा पाय फावड्याने मोडला. मार्शल हा लोकांचा लाडका. टीव्हीवरच्या घोडेस्वारांच्या मालिकेतल्या पोलीस अधिकाऱ्याचं सोंग घेतलेला, छातीवर पितळी तारा लावणारा. त्याला झोळीतून बाहेर नेताना माणसं रडली. चर्चमध्ये त्याच्या पायासाठी प्रार्थना झाली. दर शनिवारी पुढे बसणारा वेस्टल क्रम्प पेंडीच्या दुकानात चारचौघांत म्हणाला, की हे मी विसरणार नाही.

मार्शलचं खरं नाव क्लीट बॉयेट. त्याचा पाय ठणठणीत होता. दूरच्या गावी आईच्या घराचं छप्पर शाकारायला त्याला सुट्टी हवी होती, म्हणून पाय मोडल्याचं नाटक केलं. या कुस्त्या आधीच ठरलेल्या असत, आणि ते गुपित लढणाऱ्यांनी बाहेर फोडायचं नाही असा रिवाज होता. रोवीनाच्या बाप्तिस्म्याला तिला हातात घेऊन उभा होता तो हाच क्लीट.

"एकदाच खरं सांगा त्यांना, डॅडी," रोवीना म्हणाली. "क्लीटकाका छपरावर बसून खिळे ठोकतायत, एवढंच."

"ते सांगता येत नाही."

"परक्याला नका सांगू. ते माझे सासरे आहेत."

"अजून झाला नाही तो सासरा."

"आणि असं गप्प बसलात तर होणारही नाही," ओपल, त्याची बायको, म्हणाली. "पोरीपेक्षा जड झालं का हो ते तुमचं गुपित?"

हार्लनने क्लीटला फोन केला.

"सांगून टाक ना," क्लीट म्हणाला. "मी येतो हवं तर. दोन्ही पायांवर नाचून दाखवतो त्या म्हाताऱ्याला."

"आज त्याला सांगितलं की उद्या गावाला कळणार. मग कोण येतंय शनिवारी? गॅडिस दाराला कुलूप लावेल, आणि आपल्याबरोबर लढणारी सगळी पोरं लाकडाच्या गिरणीत मजुरीला."

"पोरगी तुझी आहे, हार्लन."

"ते ठाऊक आहे मला."

रविवारी चर्च सुटल्यावर हार्लन रोवीनाला घेऊन क्रम्पच्या घरी गेला. वेस्टल ओसरीवर बसला होता. घरच्या ओसरीवरही त्याची टोपी कानांवर ओढलेली होती. त्याची बायको मर्टिस बर्फाचा गोड चहा ठेवून आत गेली. टॅल्मेज कठड्याला टेकून उभा राहिला. वेस्टलने हात पुढे केला नाही.

"एकच विचारतो," तो म्हणाला. "मार्शलचा पाय तू खरंच मोडलास, की काही लोक म्हणतात तसं हे सगळं आधी ठरलेलं असतं? ठरलेलं असेल तर सांग. जूनमध्ये लग्न लावून देऊ. ओसरीवरची गोष्ट ओसरीवरच राहील."

रोवीनाने बापाची बाही धरली होती. हार्लन चहातल्या बर्फाकडे बघत राहिला.

"मोडला," तो म्हणाला. "हाड वाजलेलं ऐकलंय मी. परत आला तर दुसराही मोडेन."

बाहीवरचा हात सुटला.

घरी आल्या आल्या रोवीनाने बॅग भरायला घेतली. नॅशव्हिलला मावशीकडे जाणार, म्हणाली, आणि परत येणार नाही. ओपलने तिला अडवलं नाही. हार्लन तिच्या दाराशी गेला, ठोठावायला हात उचलला, आणि तसाच खाली घेतला.

सोमवारी दुपारी मागच्या दारावर टकटक झाली. हार्लनने दार उघडलं तर पायरीवर वेस्टल क्रम्प. त्याने आधी मागे वळून रस्ता पाहिला, मग आत येऊन दार स्वतःच लावलं. स्वयंपाकघरात भरलेल्या बॅगेशेजारी रोवीना उभी होती.

"ती बॅग सोड, पोरी," वेस्टल म्हणाला. "लग्न जूनमध्ये."

वेस्टलने खुर्ची ओढली आणि टोपी काढली. त्याचे कान जुन्या पैलवानाचे असतात तसे सुजून चुरगळलेले होते.

"नाही म्हणालो ते मुद्दाम. या घरात गोष्ट राहते की फुटते, ते बघायचं होतं." मग तो हार्लनकडे वळून खालच्या आवाजात म्हणाला, "फावडं उत्तम फिरवतोस. पण फटक्याचा आवाज काढायला तू पाय आपटतोस, तो फावडं लागायच्या आधीच फळीवर वाजतो. पुढे बसलेल्याला कळतं. मी मुखवटा घालून आखाड्यात लढायचो तेव्हा माझा पाय कधी आधी वाजला नाही. मर्टिसला तर आजही वाटतं, ती सगळी वर्षं मी गावोगाव बायबल विकत फिरत होतो."