बुरख्यातलं पिस्तूल

दुबईत वीज नुकतीच आली होती, त्या साली यूनुसभाईंना दोन महिन्यांसाठी रत्नागिरीला जायचं होतं. घरात साजिदा एकटीच राहणार होती. साखरेच्या कपाटाची किल्लीसुद्धा स्वतःच्या खिशात ठेवणाऱ्या या माणसानं बायकोला पिस्तूल घेऊन द्यायचं ठरवलं, तेव्हा अख्ख्या मोहल्ल्यानं तोंडात बोटं घातली.

दुबईतल्याच देरा भागातल्या बाजारात त्यांनी बलुची दुकानदाराला अर्धं दुकान उपसायला लावलं. हे जड, ते लांब, तिसऱ्याचा चाप बाईमाणसाला ओढला जायचा नाही. शेवटी साजिदानंच एक मुठीएवढं पिस्तूल उचललं, बुरख्याच्या आतल्या खिशात सरकवलं आणि दुकानात एक फेरी मारून दाखवली.

"बिलकुल मालूम नहीं पडता!" दुकानदार खूश झाला. नवऱ्याचा आपल्यावर विश्वास आहे, असं साजिदाला लग्नानंतर पहिल्यांदाच वाटलं.

निघायच्या दिवशी खाडीवर लाँचवाला "यल्ला, यल्ला" करून ओरडत होता. तेवढ्या घाईत तिनं विचारलं, "अहो, पण गोळ्या कुठं ठेवल्यात?"

यूनुसभाईंनी कोटाचा खिसा थोपटला.

 

"माझ्याकडे आहेत, फिकर करू नकोस. घरात कुणी शिरलाच, तर लगेच तार कर."