दांडीची लांबी

शाळेत खिचडी रांधणाऱ्या गिरजाबाई निडीहून पेणच्या सरकारी कचेरीत आल्या, त्या उजवा हात पदराखाली झाकूनच. शाळांसाठी दरवर्षी भांड्यांचं टेंडर निघायचं, सगळ्यात स्वस्त डाव पास व्हायचा आणि त्याची दांडी हमखास आखूड असायची. यंदा खरेदी नव्या मॅडमकडे होती; अटी लिहिण्याआधी त्यांनी रांधणारीलाच बोलावलं होतं. "मावशी, दांडी केवढी हवी?" गिरजाबाई बावरल्या. "आमाला कुणी कधी इचारलंच नाय, बाय," असं म्हणत त्यांनी हात बाहेर काढला. रटरटत्या खिचडीचे शिंतोडे उडून मनगटापासून कोपरापर्यंत चट्टे पडले होते. मॅडमनी अलगद त्या चट्ट्यांवर टेप धरली, जुन्या दांडीत तेवढी लांबी मिळवली आणि कागदावर आकडा लिहिला. "काय लिवलंस गो?" "टेंडरची पहिली अट, मावशी. तुमचा हात लिहिला." गिरजाबाई तो हात पुन्हा झाकायला विसरून गेल्या.