शुक्रवारची बैठक

दार काकांनीच उघडलं. आठ दिवसांत माणूस निम्मा झाला होता. तिच्या पर्समध्ये राजीनामा होता. तो साहेबांच्या हाती देण्याआधी काकांसमोर सगळं कबूल करायचं, असं वाटभर घोकत ती आली होती.

काका तिच्या हाताखालच्या टीममधले टेस्टर. पाठीमागे सगळे त्यांना शंकासुर म्हणत, कारण चालत्या कामाला खीळ घालणारा प्रश्न नेमका त्यांच्याच पोतडीतून निघायचा. टीम रुग्णवाहिका पाठवायचं सॉफ्टवेअर सांभाळत होती. शहरात एकाच नावाच्या दोन गल्ल्या होत्या, एक या टोकाला, एक त्या टोकाला. पत्ता टाकला की सॉफ्टवेअर गुपचूप पहिलीच गल्ली उचलायचं. ही चूक काकांना सापडली, कारण दुसऱ्या गल्लीत ते स्वतः राहत होते.

ती दुरुस्त करायचं काम बॅकलॉगमध्ये, म्हणजे राहिलेल्या कामांच्या यादीत जाऊन पडलं. स्प्रिंट, म्हणजे कामाचा एक टप्पा, दोन आठवड्यांचा. त्याचं प्लॅनिंग सोमवारी सकाळी, पण नीट उलगडून समजून घेतलेलं कामच त्यात घ्यायचं. ही उलगडायची बैठक तिने ठेवली होती आदल्या शुक्रवारी, दुपारी चारला. त्या वेळी सगळ्यांचा एक पाय दाराबाहेर. सोपी कामं पटापट निपटायची, किचकट असेल ते पुढच्या खेपेला. गल्ल्यांचं काम किचकट होतं.

"ही बैठक बुधवारी घेत जा," काका दर वेळी म्हणायचे. "स्प्रिंटच्या मध्यावर, डोकी ताजी असताना. शुक्रवारी लोक नुसतं हो ला हो करतात."

"बुधवारी हातातल्या कामाचा खोळंबा होतो, काका," ती दर वेळी म्हणायची.

ते काम अकरा वेळा पुढे गेलं. मग मागच्या गुरुवारी भर दुपारी काकूंच्या छातीत कळ आली. काका ऑफिसात होते. शेजारणीने फोन केला, पत्ता अगदी नीट सांगितला. रुग्णवाहिका सात मिनिटांत पोचली. त्या टोकाच्या गल्लीत. तिथून इथे यायला तिला आणखी चाळीस मिनिटं लागली. काकू तेवढ्या थांबल्या नाहीत.

आता ती त्यांच्या स्वयंपाकघरात बसली होती. ओट्यावर न धुतलेले चार-पाच कप होते, सगळे एकट्याने प्यायलेल्या चहाचे.

"काका, ते काम मी मागे टाकत राहिले," ती एका दमात म्हणाली. "अकराच्या अकरा वेळा. तुमची माफी मागायलाही मला तोंड नाही."

काकांनी तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि त्या पेल्याकडेच बघत राहिले. ती वाट बघत होती. शिव्यांची, हुंदक्याची, नाहीतर दाराकडे दाखवलेल्या बोटाची.

"दहा," ते म्हणाले.

"काय?"

"दहा वेळा तू. शेवटच्या शुक्रवारी तू रजेवर होतीस. बैठक माझ्या हातात होती." त्यांचा आवाज कोरडा होता. "म्हटलं, आज सगळ्यात आधी हेच. सोमवारी घेतलं असतं, तर बुधवारपर्यंत दुरुस्त झालं असतं. दोन दिवसांचं तर काम."

"मग?"

"चारला पाच मिनिटं असताना तिचा फोन आला. मी बैठकच रद्द केली." काकांनी पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाहिलं. "म्हणाली, आज तरी वेळेवर घरी या."