आवळलेली क्लिप

"ज्यानं ही आवळली त्याचे हात झडोत," लॉरीच्या पोटाखालून न्झिओका पुटपुटला.

"हात तुझेच की," वरून म्वेंद्वा म्हणाला. "माझ्या लॉरीला या म्तितो अंदेई गावात दुसरं कोण हात लावतं?"

रेडिएटरचा जाड पाइप गळत होता आणि त्यावरची लोखंडी क्लिप सुटत नव्हती. पेचाची खाच झिजून गुळगुळीत, आटे गंजलेले. न्झिओकानं तेल सोडलं, पक्कडीनं पिळून पाहिलं. क्लिप ढिम्म.

"राहू दे गड्या. शेजारी दुसरी बसव. मला सरहद्दीवरचं मलाबा गाठायचंय."

"आणि चढावर पाइप फुटला तर?" म्वेंद्वाची बायको कवाटा चहा घेऊन आली होती, पाठीवर बाळ बांधून. "उकळत्या पाण्यानं त्या ड्रायव्हर मुसिओकाचं तोंड कसं भाजलं, पाहिलंत ना? न्झिओका, कापा ती."

"वहिनी, तुम्ही सांगता म्हणून. हा तर मला चोर ठरवून मोकळा झालाय."

"चोर नाही रे. कच्च्या हाताचा म्हटलं." म्वेंद्वा हसला, पण चहा तसाच राहिला.

दोघं शाळेपासूनचे मित्र. न्झिओकाची बायको म्बिथे मलाबाच्या वाटेवरच्या नाकुरूला माहेरी जायची, तीही म्वेंद्वाच्याच लॉरीतून.

करवतीचं पातं चाललं. क्लिप तुटून उडाली. खाली पाइपच्या चिरेवर चिंधी गुंडाळलेली होती, तेलानं काळीकुट्ट.

"बघा! हे काही माझं काम नव्हे," म्हणत न्झिओकानं ती बाहेर आणून उलगडली. आतल्या घडीत पिवळ्यावर छापलेले लाल काजू जसेच्या तसे होते.

कवाटानं ओळखलं. मोंबासाची लेसो, बायका कमरेला गुंडाळतात ते छापील कापड. दुकानातली शेवटची जोडी, खास तुझ्यासाठी, असं म्वेंद्वा म्हणाला होता.

"तुझीच फाडली गं, वाटेत," तो घाईनं म्हणाला.

लेसो येते ती एकसारख्या दोन कापडांच्या जोडीनंच. कवाटाच्या कमरेला पिवळ्यावर लाल काजू होते. पाठीवरच्या बाळाभोवतीही तेच, अखंड.

"मलाबात आहे का कुणी?" तिनं हळूच विचारलं. चहाचा कप अजून तिच्याच हातात होता.

न्झिओका चिंधी बोटांत धरून बसला होता, जणू तिचा पोत तपासत होता.

"मलाबात नाही, वहिनी," तो म्हणाला. "या चिंधीची जोडीदार आमच्या दोरीवर वाळतेय. म्बिथे म्हणाली होती, आईनं दिली."